बंगईवर पसरलेला नकाशा

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आमच्या आईचं माझ्याबद्दलचं कायमचं मत. ती हसत सांगायची, मीही हसायचे. माझ्यामुळे एका बाईंचं घर सुटलं, तेव्हापासून मला ते हसण्यावारी नेता येत नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी चंद्रपुरात समाजशास्त्रात एम.ए. करत होते आणि आमचे सर शहरातल्या मोहल्ल्यांवर संशोधन करत होते. कोणत्या जातीचे लोक कुठं राहतात, कोण कोणाच्या शेजारी राहत नाही, हा विषय. घरोघर फॉर्म भरायचे आणि त्यावरून नकाशा रंगवायचा, हे आम्हा विद्यार्थ्यांचं काम. एका चुलीला एक चौकोन, म्हणजे घरमालकाचा वेगळा, भाडेकरूचा वेगळा. कुणबी पिवळे, बौद्ध निळे, असं. नकाशा कॉलेजातच ठेवायचा, गल्लीत फक्त कोरे फॉर्म न्यायचे, असं सरांनी बजावलं होतं. मला वाटायचं, सर उगाच भितात.

परकोटाच्या, म्हणजे शहराच्या जुन्या तटाच्या, आतल्या एका गल्लीत एक नर्सबाई भाड्यानं राहायच्या. नवरा वारलेला, एटापल्लीहून बदली होऊन आलेल्या, सोबत शाळेत जाणारी लेक. तिथून दवाखाना जवळ, शाळा जवळ. बाई ड्यूटीवर असल्या की लेक घरमालकीणकाकूंकडं जेवायची. जातीचा रकाना आला तसं बाईंनी दार ओढून घेतलं. बौद्ध लिहा, म्हणाल्या. आधी तीन ठिकाणी त्यांनी खरं सांगितलं होतं आणि तिन्ही ठिकाणी खोली नेमकी कालच दुसऱ्याला दिलेली निघाली. या घरात आडनावावरून कोणाला काही कळलं नव्हतं.

“इथी कोनी विचारलं नाई, म्हणून मी सांगतलं नाई. तुमच्यापाशीच राहू द्या, ताई.”

मी मोठ्या ऐटीत म्हटलं, अभ्यासाचं काम आहे बाई, कुठंही जाणार नाही.

गल्ली पुरी झाली. नकाशा असा देखणा उतरला होता की मला कोणाला तरी दाखवल्याशिवाय राहवेना. काकूंच्या फॉर्मातला एक रकाना राहिला होता, तेवढं निमित्त पुरलं. काकू आमच्यासारख्याच कुणबी, माहेर मूल गावाकडचं, माझ्यावर माया. बस म्हणाल्या, चहा ठेवला. एवढं काय लिहून राह्यली, विचारलं. झालं! मी पिशवीतून नकाशा काढला आणि बंगईवर, काकूंच्या झोपाळ्यावर, पसरला. पिवळा म्हणजे आपण, निळा म्हणजे बौद्ध, सगळं शहाणीसारखं समजावून दिलं.

“मंग आमचं घर कोणतं वं?”

मी बोट ठेवलं. ठेवल्यावर मला दिसलं. काकूंच्या पिवळ्या चौकोनाला चिकटून एक निळा चौकोन होता, अख्ख्या गल्लीत एकुलता एक.

रंग चुकला, असं मी म्हणू शकले असते. एवढी बडबडी मी, पण तेव्हा एक शब्द फुटला नाही. काकूंनी चष्मा नीट केला, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाल्या, “चहा घे, थंडा होऊन राह्यला.” आणि मी तो चहा प्याले. आजही त्याची लाज वाटते.

वाईट शब्द कोणी कोणाला बोललं नाही. आधी लेकीला जेवायला हाक मारणं बंद झालं. मग काकूंचा भाचा शिकायला येणार म्हणून खोली हवी झाली. भाचा काही आला नाही. बाईंचं सामान हातठेल्यावर चढत होतं तेव्हा मी गल्लीच्या तोंडाशी होते. पुढं होऊन निदान एक गाठोडं तरी उचलायचं! मी सायकल वळवून दुसऱ्या गल्लीनं निघून गेले.

बाई नाल्यापलीकडच्या बौद्ध वस्तीत गेल्या. काही महिन्यांनी सरांनी फॉर्मात नवा प्रश्न घातला, तुम्ही हा मोहल्ला का निवडला, आणि ती वस्ती माझ्याच वाट्याला आली. बाईंनी मला ओळखलं, पाणी दिलं. लेकीची शाळा आता लांब पडत होती. बाई ड्यूटीवर असल्या की ती घरात एकटीच असायची. मी कसंबसं सुरू केलं, बाई, तो नकाशा...

“मले मालूम आहे,” त्या म्हणाल्या. “विचारा, काय विचाराचं आहे ते.”

मी विचारलं. त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं.

“आपल्या लोकांत बरं वाटते. लिहा तसंच.”

मी तसंच लिहिलं. खाली शेऱ्याला जागा होती, ती कोरी सोडली.

सरांना ते वाक्य फार आवडलं. लोक आपल्या खुशीनं आपल्या लोकांत राहायला जातात, याचा हा पुरावा, असं म्हणून त्यांनी ते वर्गात वाचून दाखवलं. मी पहिल्या बाकावर होते. सगळ्यांबरोबर मीही ते वहीत उतरवून घेतलं.