आत्यांचं रविवारचं आइस्क्रीम

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आमच्याकडे तशीच पद्धत आहे. वाटूरजवळच्या एका खेड्यात त्यांचं सगळं आयुष्य मजुरीत गेलं. निंदणी, खुरपणी, हंगामात कापूस वेचणं. मामंजी गेल्यावरही त्या तीन वर्षं एकट्याच राहिल्या. आमची मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि जालन्याच्या घरात आम्ही दोघंच उरलो, तेव्हा नवरा जाऊन त्यांना घेऊन आला. मी इथल्या शाळेत शिकवते. नवरा परतूरला कचेरीत आहे, रोज रेल्वेनं जातो-येतो.

आत्यांनी जन्मभर ज्वारीची भाकरी खाल्लेली. आमच्या घरात चपाती. या वयात त्यांनी भाकरी कशाला चावत बसायची, असं मला वाटलं. मी मऊ चपात्या करायची, वर तूप लावायची आणि त्यांच्या ताटात एक जास्तीची ठेवायची. सगळं प्रेमानंच चाललं होतं. पण सहा महिन्यांत आत्या वाळत गेल्या. पोट फुगायचं, जुलाब व्हायचे, चार पायऱ्या चढल्या की धाप लागायची. रक्त कमी म्हणून गोळ्या झाल्या, जंतांचं औषध झालं, पथ्यपाणी झालं. शेवटी संभाजीनगरला पोटाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं, तोंडातून नळी घालून आतड्याचा बारीकसा तुकडा काढून तोही तपासायला पाठवला, आणि मग सांगितलं की हा सिलिॲक आहे. गव्हात ग्लुटेन म्हणून जे असतं, ते यांच्या आतड्याला चालत नाही. त्यानं आतड्याचं अस्तर झिजतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. याला औषध नाही. गहू बंद करायचा, तोही कायमचा.

"बहुतेक हे आधीपासूनच असेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गावी ज्वारी खायच्या, म्हणून कळलं नाही."

"म्हंजी मपल्या भाकरीनं मला सांभाळलं म्हणा की," आत्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या. त्यांनी टोमणा मारला नव्हता, पण मला लागला.

डॉक्टरीणबाईंनी एक कागद दिला होता. काय काय खायचं नाही त्याची यादी. गहू, रवा, मैदा, शेवया, बिस्किटं, पाव, जव. मी तो फ्रिजवर चिकटवला. आत्यांचा तवा वेगळा केला, परात वेगळी केली. हिंगाच्या डबीत गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं हे कळलं, तेव्हा डबी उचलून शेजारी देऊन टाकली. जव मात्र वाचून सोडून दिलं. आमच्या घरी जव कोण खातं?

दोन महिन्यांत आत्यांच्या तोंडावर तजेला आला. त्या माझ्याबरोबर रविवारच्या बाजाराला येऊ लागल्या. असंच एका रविवारी ऊन फार होतं आणि त्यांना दम लागला, म्हणून रस्त्यावर नवीनच उघडलेल्या बर्गर-पिझ्झाच्या दुकानात आम्ही शिरलो. आत एसी होता.

"इथं तर थंडी वाजून राह्यली," त्या पदर अंगाभोवती घेत म्हणाल्या.

नुसतं बसून राहणं बरं दिसेना. मी आइस्क्रीम सांगितलं. कोन मैद्याचा असतो एवढं मला माहीत होतं, म्हणून काउंटरवरच्या मुलीला मुद्दाम बजावलं, "कोन नको, कपात दे." आपण केवढी काळजी घेतो, असं मनातल्या मनात वाटलंसुद्धा. तिनं पांढरं मऊ आइस्क्रीम कपात भरलं, वर चॉकलेटचा गरम रस ओतला आणि शेंगदाण्याचे तुकडे भुरभुरले. आत्यांनी पहिला चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले. असं गार आणि गरम एकदम त्यांनी कधी खाल्लं नव्हतं. कप रिकामा झाल्यावर चमच्यानं तळ खरवडत म्हणाल्या, "पुढच्या ऐतवारी येऊ का मंग?"

त्यानंतर दर रविवारी आम्ही जाऊ लागलो. घरात त्यांना किती गोष्टी नाही म्हणाव्या लागत होत्या. सणाला पुरणपोळी नाही, पौर्णिमेला विहारात गव्हाची खीर वाटतात ती नाही. एक तरी गोष्ट मी त्यांना हो म्हणून देत होते, याचं मला समाधान होतं.

आणि त्यांचं दुखणं परत सुरू झालं. सोमवार-मंगळवार त्या आडव्या पडायच्या, शनिवारपर्यंत जरा सावरायच्या, की पुन्हा तेच. मी सगळे डबे तपासले. ज्वारीचं पीठ गिरणीवाल्याकडे गव्हानंतर दळलं जातं म्हणून घरी मिक्सरवर दळायला लागले. फरक पडेना.

नवरा म्हणाला, "आई काहीतरी चोरून खाते. आपण दोघं दिवसभर बाहेर. चपातीचा डबा घरातच असतो."

मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणू. कारण मग माझी चूक उरत नव्हती. मी डब्यातल्या चपात्या मोजून जायला लागले. त्या कमी झालेल्या नसायच्या, तर मला वाटायचं शेजारून बिस्किटं आणत असतील. एका सकाळी आत्या अंघोळीला गेल्या आणि मी त्यांची कापडी पिशवी काढून पलंगावर उपडी केली. फुटाणे निघाले, गुळाचे दोन खडे, गोळ्यांची पाकिटं, मामंजींचा जुना फोटो. वर पाहिलं तर आत्या दारात उभ्या. केसांतून पाणी गळत होतं.

मी गप्प बसायला हवं होतं. पण घाबरले की मी जास्त बोलते. "आत्या, तुम्ही चोरून खाताय का? खरं सांगा. आमचा जीव जातोय तुमच्या पायी, आणि तुम्ही..."

त्यांनी पुढं येऊन एकेक वस्तू पिशवीत भरली. फुटाणेसुद्धा वेचून घेतले. मग म्हणाल्या, "म्या न्हाई खाल्लं." एवढंच.

त्या रविवारी त्या बाजाराला आल्या नाहीत. "तू जा," म्हणाल्या. पुढच्या रविवारीही नाही. घरात माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. आणि त्यांची तब्येत सुधारली. पोट शांत झालं, भूक लागायला लागली. मी नवऱ्याला सांगितलं, "बघितलं? बोलले म्हणून थांबल्या." आजही हे वाक्य आठवलं की मला स्वतःची लाज वाटते.

त्या बऱ्या झाल्या, तसा माझा राग निवळला. त्यांची मर्जी परत मिळवावी म्हणून एका सुट्टीच्या दिवशी मीच त्यांना आग्रह करून दुकानात नेलं. त्या दिवशी सकाळपासून मी त्यांच्यासोबत होते. भाकरी मी केली, वरण मी केलं, आम्ही एकाच वेळी जेवलो. दुपारी आइस्क्रीम खाल्लं. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला त्यांचं पोट दगडासारखं झालं, आणि दुसऱ्या दिवशी त्या संडासातून भिंत धरत धरत बाहेर आल्या.

मी शाळेत गेले, पण वर्गात काय शिकवलं ते मला आठवत नाही. शाळा सुटल्यावर थेट दुकानात गेले. काउंटरवर तीच मुलगी होती. तिला विचारलं, "या आइस्क्रीममध्ये गहू आहे का?"

"आइस्क्रीममध्ये गहू कसा असेल मॅडम?" ती हसली. मग माझा चेहरा बघून हसायची थांबली. "कुणाला त्रास झाला का?"

मी सांगितलं. ती आत गेली आणि चॉकलेटच्या रसाचा मोठा डबा घेऊन आली. डब्यावरची अक्षरं मुंगीएवढी होती. तिनं मोबाइलवर फोटो काढून तो मोठा केला आणि आम्ही दोघी डोकं लावून वाचू लागलो. साखर, कोको, मग कसलेकसले आकडे, मग 'बार्ली माल्ट'.

"बार्ली म्हणजे काय?" तिनं विचारलं.

बार्ली म्हणजे जव. फ्रिजवरच्या कागदावर मी रोज बघत होते ते.

"आणि मॅडम," ती हळूच म्हणाली, "दाणे आम्ही ज्या चमच्यानं टाकतो ना, त्याच चमच्यानं बिस्किटांचा चुरा पण टाकतो. आम्हाला कुणी कधी विचारलंच न्हाई." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचा काय दोष होता? मीच तिला म्हणाले, "रडू नको, तू खरं सांगितलंस."

घरी आले तेव्हा आत्या गॅलरीत लसूण सोलत होत्या. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगितलं. दर रविवारी मीच त्यांना ते खाऊ घालत होते, हेही सांगितलं. "माझं चुकलं, आत्या."

त्यांनी हातातली पाकळी सोलून संपवली. मग म्हणाल्या, "कापूस येचून निघताना मालकाची बाई आमच्या ओट्या झाडून घ्यायची. रोज. बायांची रांग लागायची. मपल्या ओटीत कधी बोंड निघालं न्हाई, तरी झाडून दाखवावीच लागायची. ते बाहेरचं होतं. घरात कुणी झाडून घेईल असं वाटलं न्हाई मला."

मी लसूण सोलायला घेतला, त्यांनी घेऊ दिला. संध्याकाळी नवरा आला, त्याला मी त्यांच्यासमोरच सगळं सांगितलं. तो आईच्या पायाशी बसून राहिला. त्याला त्या लवकर माफ करून मोकळ्या झाल्या. माझ्याशी नीट बोलायला त्यांना पुढचे पंधरा दिवस लागले, आणि ते बरोबरच होतं.

मग एका रविवारी त्या आपणहून म्हणाल्या, "चल, त्या पोरीला भेटून येऊ."

दुकानात त्यांनी स्वतःच विचारलं, "माय, मला बिगर रसाचं, बिगर दाण्याचं देता येईल का?" मुलीनं मॅनेजरला बोलावलं. तो तरुण माणूस होता, प्रामाणिक होता. म्हणाला, "आजी, देईन. चमचा धुऊन देईन. पण याच यंत्रात कधीकधी बिस्किटाचं आइस्क्रीम पण बनतं. खात्री मी देऊ शकत न्हाई."

आत्यांनी क्षणभर काचेमागच्या यंत्राकडे पाहिलं. "मंग नगं," म्हणाल्या. "खरं बोललास, बरं केलंस." आम्ही पाण्याची बाटली घेऊन पाच मिनिटं गारव्यात बसलो आणि निघालो. ते आइस्क्रीम त्यांना खरंच आवडायचं, आणि ते सुटल्याचं दुःख त्यांनी लपवलं नाही. घरी मी दूध आटवून वाट्यांमध्ये कुल्फी लावते आता. त्या खातात. "चांगली हाय," म्हणतात. तशी नाही, हे आम्हा दोघींना कळतं.

या उन्हाळ्यात भोकरदनला नात्यात लग्न होतं. जेवणं झाल्यावर मटक्यातली कुल्फी वाटत होते. दुधाची कुल्फी, घरच्यासारखीच दिसत होती. मी दोन मटकी उचलली आणि एक त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी घेतलं नाही. उठल्या, आणि काठापदराची साडी सावरत थेट मंडपामागं आचाऱ्याकडे गेल्या. मी मागोमाग.

"भाऊ, कुल्फीत काय काय घातलं?"

"दूध, साखर, इलायची," आचारी म्हणाला.

"आन् घट्ट कशानं केली?"

तो जरा थांबला. "मावशे, इतक्या माणसांना नुसतं दूध आटवत बसलं तर कसं व्हायचं? ब्रेडचा चुरा टाकलाय थोडा. सगळेच टाकतात."

भोवतीच्या बायका हसल्या. एक जण म्हणाली, "म्हातारी लई चिकित्सा करती बाई." आत्यांनी तिला शांतपणे सांगितलं, "मला गव्हाची बिमारी हाय. खाल्लं की मी चार दिस उठत न्हाई. म्हणून इचारते." हसणं थांबलं. ती बाई सरकून बसली आणि त्यांना जवळ बसवून घेतलं. कसली बिमारी, कसं कळलं, विचारत राहिली. आत्या सविस्तर सांगत होत्या. आतड्यातली नळी, डॉक्टरीणबाई, जव, सगळं. पिशवीचं सांगितलं नाही.

मी दोन्ही मटकी तशीच हातात धरून उभी होते. त्यांनी वर बघून मला म्हटलं, "तू खा की. तुला काय झालंय?"

मी त्यांच्याशेजारी बसून एक खाल्लं, दुसरं त्या बाईला दिलं.