उजवा पाय पुढे

आता हसणार असाल तर आधीच हसून घ्या, म्हणजे चहा तरी सांडणार नाही!

आमच्या दिवेआगरच्या वाडीत सुपारी काढणाऱ्या गड्याला शिडीवरून कसं उतरावं, हे मी स्वतः चढून दाखवत होतो. दाखवलं! डाव्या टाचेचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत प्लेट आणि स्क्रू बसले.

मग फिजिओथेरपी. घोटा किती वळतो, किती चालवतं, सारं मोजायचं. मला घाई शिमग्याची. गावच्या पालखीला पहिला खांदा आमच्या घराचा, आणि यंदा तो मान चुलतभावाकडे जाणार? छे! पण फिजिओच्या बाईंनी बजावलं होतं, "त्या एका पायाच्या चवड्यावर उभं राहून दाखवा, तरच पालखी."

त्या बाई नेमक्या रजेवर गेल्या आणि त्यांच्या जागी नवा डॉक्टर आला. माझी बुद्धी किती तल्लख बघा! फाईल मुद्दाम घरी ठेवली आणि फाल्गुनाच्या उकाड्यात दोन्ही पायांत मोजे चढवले. टाक्यांची खूण दिसायला नको ना!

"काका, ऑपरेशन कुठल्या पायाचं?"

"उजव्या!" मी ठणकावून सांगितलं. बायको शेजारीच होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

उजव्या चवड्यावर मी असा उभा राहिलो म्हणता! डॉक्टर खूश. "वा काका! आता तुलनेसाठी तुमचा चांगला पाय मोजू."

चांगला पाय? तोही मोजतात? हे कुणी आधी सांगायला नको?

डावा घोटा हलेना. चवड्यावर उभं राहायला गेलो आणि "आई गं!" म्हणत टेबल धरलं. डॉक्टरचा चेहरा पडला. "काका, ऑपरेशनचा पाय उत्तम आहे. पण हा चांगला पाय फारच वाईट आहे हो!"

"जन्मापासून तसाच आहे," मी म्हणालो. एक थाप मारली की दुसरी नको का मारायला?

"मग आजच एक्स-रे काढू."

एक्स-रे आला. डॉक्टरने तो उजेडात धरला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा एक्स-रेकडे पाहिलं. "काका, हे स्क्रूसुद्धा जन्मापासूनचेच का?"

बायको इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. संध्याकाळपर्यंत सारी आळी हसत होती. मोबाइल कशासाठी असतो मग?

शिमग्याला पालखी अंगणात आली. पहिला खांदा चुलतभावाचा. मी ओटीवर खुर्चीत, पाय स्टुलावर. नारळ ठेवला, हात जोडले आणि गुरवाला म्हटलं, "पायासाठी देवाला गाऱ्हाणं घाल रे."

गुरव अगदी गंभीरपणे म्हणाला, "घालतो की, काका. पण कंच्या पायाचं?"