आत्याच्या गच्चीवरची तयारी

अकोल्याच्या स्टेशनावर बाबांनी माझी ट्रंक स्वतः डब्यात चढवली आणि समोरच्या अनोळखी माणसाला सांगितलं, "पोरगी एम.ए.च्या परीक्षेची तयारी कराले चालली अमरावतीले. इंग्रजी घेऊन." तुम्ही धाकटी भावंडं खिडकीखाली उभी होतात. पन्नासचं दशक संपत आलं होतं आणि आपल्या गल्लीतली एकही मुलगी बी.ए.च्या पुढे गेली नव्हती. तुम्ही अजून म्हणता, ताई शिकायला गेली. मला थोडं वेगळं आठवतं.

नागपूरला इंग्रजीच्या जागा थोड्या, म्हणून प्रवेशाआधी लेखी परीक्षा होती; अर्ज मीच भरून पाठवला होता. आत्याकडे निवांत अभ्यास होईल, आदल्या दिवशी मी येऊन तुला नागपूरला नेईन, असं बाबांनी ठरवून दिलं होतं. ओळखीच्या एका कुटुंबासोबत मी निघाले.

आत्याची कंबर धरली होती आणि वाळवणाचे दिवस होते. दुसऱ्याच सकाळी गव्हाच्या चिकाचं पातेलं माझ्यापुढे आलं. कुरड्या घातल्या, पापड लाटले, तिच्या मुलींच्या वेण्या घातल्या. वाळवणाची राखण मात्र मी मागून घेतली. गच्चीवर जिन्याच्या सावलीत बसायचं, हातात काठी, मांडीवर शोकांतिका. तिकडे राजे मरत, इकडे कुरड्या वाळत. एकदा एका राणीच्या लांबलचक भाषणात मी गुंतले आणि वानरांनी अर्धी खाट साफ केली. आत्या खालून म्हणाली, "तुह्या इंग्रजीनं वानरं पळत नाहीत व."

ठरलेल्या दिवशी मी सकाळीच तयार होऊन बसले. दुपार झाली, बाबा आले नाहीत. तांदूळ निवडता निवडता आत्या म्हणाली, "तो कायले येते? मले म्हणे, पोरीले पाठवतो, तुले हातभार होईन. परीक्षेचं तं तुनं खुशीनं निघावं म्हणून."

तिचा हेतू वाईट नव्हता. मला ठाऊकच आहे, असं तिला वाटत होतं.

रडायला वेळ नव्हता. मी पिशवी भरली.

"एकटी जाशीन?"

"मंग कोणासंग जाऊ?"

मोटारीत बसल्यावर तिकिटासाठी कमरेचा बटवा सोडला. अकोल्याहून निघताना आईने तो गुपचूप बांधला होता आणि का ते सांगितलं नव्हतं. म्हणजे तिलाही माहीत होतं. बाबांपेक्षा ते जास्त लागलं.

रात्री वर्गमैत्रिणीच्या घरी उतरले, सकाळी पेपर दिला. जागा मिळाली, वसतिगृह मिळालं, पुढे नोकरी. नागपूरचीच झाले. आई गेल्यावर बाबा माझ्याकडे राहायला आले. शेजाऱ्यांना सांगायचे, "मीच पाठोलं तिले परीक्षेले." एकदा मी म्हटलं, "बाबा, तुमी तं आलेच नाही."

"मंग? पोचली ना."

त्यांच्या मते हिशेब मिटला होता. माझ्या मते नाही, आणि ते गेले म्हणूनही नाही. त्यांचं दुखणंखुपणं मी सगळं केलं, पण ही गोष्ट पोटात घातली नाही.

तुम्ही बोलावता, "ताई, घरी ये." येते, चार दिवस राहते, तुमच्या सुनांच्या हातचं जेवते. पण झोप लागते ती नागपूरला. इथून मला कुठे जायचं असलं, तर कशासाठी ते मला आधी माहीत असतं. मी त्यालाच घर म्हणते.