आत्याबाईंसाठी गाडी

जुनी गाडी पाहायला निघाले की मामाजी सोबत सरकीचं पोतं घ्यायचे. मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी आणि सासूला आत्याबाई म्हणतात. यवतमाळात कुणी गाडी विकायला काढली असं कळलं, की रविवारी सकाळी ऑटोत मागे पोतं आणि मी, पुढे ड्रायव्हरशेजारी मामाजी, अशी आमची वरात निघे. विकणारा माणूस बॉनेट उघडून इंजिनाचं कौतुक सांगू लागे. मामाजी सरळ गाडीच्या मागे जात, पोतं बंपरवर ठेवायला लावत आणि गुडघे टेकून गाडी मागून किती दबली ते टेपानं मोजत. "इंजिनाचं मंग पाहू," ते म्हणत. "पयले हिची कंबर पाहू द्या."

त्यांना गाडी हवी होती ती घर ओढायला. आत्याबाई न्हाणीघरात पडल्या आणि पाठीचा मणका दुखावला. तेव्हापासून अर्ध्या तासाच्या वर त्यांना बसवत नसे. बसचा प्रवास तर संपलाच. त्यांची थोरली बहीण, आम्ही तिला मोठीआई म्हणायचो, मुकुटबनला दिलेली. पूर्वी ती दर दिवाळीला यायची. पण कापसानं दगा द्यायला सुरुवात केली ती त्याच वर्षांत. भाव पडलेला, मजूर लावणं परवडेना, आणि साठीतली मोठीआई स्वतःच कमरेला ओटी बांधून वेचणीला उभी राहायची. तिला घर सोडवेना, आमच्या आत्याबाईंना घर सोडता येईना. फोनवर दोघी एकमेकींना "तूच ये वो" म्हणत राहत.

मामाजी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. निवृत्तीनंतर त्यांनी जीपच्या एका जुन्या ट्रेलरचा सांगाडा आणला आणि त्यावर अंगणात पत्र्याची खोली उभी केली. पलंग, खुर्चीचा संडास, स्टोव्हपुरता ओटा. आत्याबाईंना त्यांनी आधी फळीवर निजवलं, त्यांच्या डोळ्यांची उंची मोजली आणि तिथे खिडकी कापली. "अर्धा तास गाडीत बसाचं, मंग थांबून मागं आडवं व्हाचं. असं करत करत पोचू," ते म्हणाले. खोली तयार झाल्यावर जिनिंगच्या काट्यावर नेऊन तोलली. अकरा क्विंटल भरली. हे सगळं चार महिन्यांत झालं. गाडी निवडायला मात्र त्यांना अडीच वर्षं लागली.

"ओढनारी गाडी मागच्या घरापेक्षा जड पाह्यजे. नाहीतं उतारावर घरच गाडीले ढकलत नेते," हा त्यांचा पहिला नियम. शेजारच्या हेडक्लार्कांची छोटी गाडी त्यांनी एका वाक्यात बाद केली: "हे तं बकरीले बंडी जुंपनं झालं." दुसऱ्या एका गाडीचं सगळं जमलं, पण हूक जिथे जोडायचा तिथलाच पत्रा गंजलेला निघाला. तिसरीचा ब्रेक त्यांना "उशिरा ऐकणारा" वाटला. आत्याबाई पलंगावरून हसत. एकदा मला म्हणाल्या, "मले पाहाले आलते तवा पंधरा मिन्टात हो म्हनलं यायनं. आता गाडीले पाहा किती पाहून राह्यले!"

मामाजींना मोतीबिंदू झालेला, म्हणून गाडी मी चालवायची असं ठरलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची, नवरा नोकरीला नागपुरात. ओळखीतली एक गाडी मागून आणून मामाजींनी स्वतः शेजारी बसून मला शिकवलं. मी जोरात ब्रेक मारला की म्हणत, "सुनबाई, मागं आत्याबाई बसल्या हायेत असं समज." मागची सीट रिकामी असायची. तरी मी आजही तसाच ब्रेक लावते.

शेवटी ढाणकीला गाडी सापडली. कापसाच्या व्यापारात बुडालेल्या एका कुटुंबानं जीप विकायला काढली होती. जड, दणकट, मागच्या चाकांनी ओढणारी. पोतं ठेवलं, बोटभरही दबली नाही. मामाजींचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. पण स्टिअरिंगवर त्या घरातले म्हातारे बाबा बसले होते. मुलानं दोनदा "बाबा, उतरा" म्हटलं. ते उतरले नाहीत. नुसते समोर पाहत राहिले. मुलगा त्यांचा हात धरून ओढायला लागला, तेव्हा मामाजी म्हणाले, "राहू द्या." आणि आम्ही निघालो.

परत येताना मी रागावून म्हटलं, "दुसरं कोणी घेऊनच जाईल ना ती!"

"नेईल," ते म्हणाले. "मले नाई जमलं."

घरी आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "बरं केलं," म्हणाल्या. थोड्या वेळानं मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "रंग कोनता होता वो जीपचा?"

मी सांगितलं, हिरवा.

त्याच वर्षी कापूस वेचणीला आला असताना आत्याबाईंना ताप भरला. तो छातीत उतरला. दवाखान्यात आठ दिवस, आणि संपलं.

मोठीआई बसनं आली. वेचणी तशीच टाकून आली, बोटांवर बोंडांचे ओरखडे होते. आत्याबाईंच्या अंगावर पडून तिनं रडून घेतलं. सगळं आटोपल्यावर अंगणात येऊन विचारलं, "कुठं निजनार होती ती?" मी दार उघडलं. ती आत चढली, पलंगावर आडवी झाली आणि खिडकीतून बाहेर पाहत राहिली. खिडकीतून आमची भिंतच दिसायची. मामाजी दाराशी उभे होते. म्हणाले, "माह्यानं उशीर झाला, बाई." जाताना मोठीआईनं ते घर मागून घेतलं. तिचा पुतण्या ट्रॅक्टर घेऊन आला. मामाजींनी ना हूक पाहिला, ना ब्रेक. एवढंच म्हणाले, "हळू ने रे."

मामाजींना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मला ते दिसतात ते मुकुटबनच्या त्या दुपारचे. आत्याबाईंचं वर्षश्राद्ध झाल्यावर भाड्याची गाडी करून मी त्यांना मोठीआईकडे नेलं होतं. घर तिनं वावरात, बांधाजवळ ठेवलेलं. दार उघडंच होतं. आत मोठीआई पाठमोरी निजली होती. आत्याबाईंचीच अंगलट, तसाच पांढरा अंबाडा, खिडकीबाहेर फुटलेला कापूस. मामाजींचा पाय पायरीवरच थांबला. मी हाक मारणार, तोच त्यांनी माझा हात धरला.

"निजू दे तिले," ते म्हणाले. "लय दुरून आली."

आणि ऊन कलेपर्यंत ते तिथेच, चाकाला पाठ टेकून बसून राहिले.