जीपपुढची छागल

ओल्या कॅनव्हासचा वास आला की मला आमच्या जीपपुढे लटकलेली पाण्याची छागल दिसते. लातूर नुकताच जिल्हा झाला होता, दुष्काळामुळे गल्लीत टँकर येत होता आणि नव्या कचेरीत साहेब झालेल्या वडिलांनी जुनी जीप घेतली होती. ती स्वतः चालवत पहिल्यांदाच सहलीला, किनवटच्या जंगलात जायचं ठरलं. मुक्काम कुठे करायचा, यावरून मात्र निघायच्या आदल्या संध्याकाळपर्यंत घरात ताण होता. वडिलांच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याचं तिथे मोठं घर होतं आणि तो आग्रहाने बोलावत होता. "त्यांच्या हिरीला पाणी हाय," आई म्हणाली. "रेस्टहाऊसचा नळबी कोरडा हाय म्हणतेत. आन् आता तुमी साहेब झालाव की." वडील छागलीची दोरी आवळत राहिले. "साहेब हापिसात," ते हळू म्हणाले. "आपला बौद्धाचा पोहरा त्या हिरीत पडल्यावर त्यांच्या घरची माणसं काय करतील, म्हाईत न्हाई मला. लेकरांदेखत ते बघायचं न्हाई." आई उठली. तिने जीपमधल्या अंथरुणाच्या वळकट्या खाली काढल्या आणि त्या जागी टँकरच्या पाण्याचे डबे भरून ठेवले. रेस्टहाऊसच्या उघड्या फरशीवर आम्ही एकमेकांना चिकटून झोपलो. परवा माझी मुलगी फोनवर कोकणातलं हॉटेल बघत होती. खोलीतून समुद्र दिसत होता. "करू का बुक, बाबा?" तिने विचारलं. मी म्हणालो, "आधी त्यांना आपलं आडनाव सांग. मग विचार, खोली आहे का."