हेमाताईंचा माळढोक

गेल्या गणपतीत शनिवार पेठेतल्या एका मंडळानं 'संकटातले पक्षी' हा देखावा ठरवला आणि चित्रं काढायचं काम हेमाताई पटवर्धनांना दिलं. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या चित्रकलेच्या बाई. पक्षी बघायला उन्हातान्हात हिंडायच्या.

त्यांनी दोनच पक्षी निवडले. उंच मानेचा, भारदस्त माळढोक आणि ओंजळीत मावेल एवढा वनपिंगळा. खाली लिहिलं, 'माळढोक : अतिसंकटग्रस्त. माळरानं गेली, उरलेले विजेच्या तारांना धडकून मरतात. वनपिंगळा : संकटग्रस्त. जंगल तुटतंय.'

मंडळाचे अध्यक्ष इंद्रजीत शितोळे घरी आले.

"ताई, तारांचं वाक्य काढू या. आपले मोठे देणगीदार तारांचेच व्यापारी आहेत."

"मग त्यांनी पिंगळा बघावा."

"शिवाय माळढोक आपल्याकडे आता दिसतो कुठं? पिंगळा तरी आहे. एकटा पिंगळाच ठेवू."

"नाही."

"जरा विचार करा."

"केला."

प्रतिष्ठापनेच्या दिवशी मांडवात एकटा पिंगळा होता. हेमाताई मागच्या बाजूला गेल्या, ताडपत्रीखालून माळढोकाचं चित्र ओढून काढलं, समोरच्या भिंतीला टेकवलं आणि शेजारी उभ्या राहिल्या.

गर्दीतल्या एकानं विचारलं, "आजी, हा संपलाच ना आता? मग कशाला एवढी धडपड?"

"पिंगळाही संपला म्हणत होते. शंभराहून जास्त वर्षं कुणाला दिसला नव्हता. सत्त्याण्णव साली शहाद्याजवळ सापडला. शोधणारी माणसं घरी बसली नव्हती म्हणून. माळढोक तर अजून राजस्थानात जिवंत आहे. आपण आत्ताच सुतक पाळायचं?"

इंद्रजीत धावत आले. "ताई, हे शोभत नाही."

"मलाही नाही शोभत, या वयात रस्त्यावर उभं राहणं. पण तुम्ही जागा ठेवली नाहीत."

विसर्जनापर्यंत त्या रोज संध्याकाळी तिथं होत्या. पाय सुजले, घसा बसला. काही जण हसून पुढं गेले, काही थांबून ऐकत राहिले. चित्र मात्र मांडवात गेलं नाही ते नाहीच.

यंदा मंडळानं त्यांना बोलावलेलं नाही. हेमाताईंनी तणमोर काढायला घेतलाय. माळढोकाचाच धाकटा भाऊबंद, तोही अतिसंकटग्रस्त. कुठं लावणार, असं विचारलं तर म्हणतात, "आधी पुरा तर होऊ दे. लावायला पुणं पडलंय."