पाठीच्या सरांचं प्रमाणपत्र

विद्यापीठाच्या संशोधन कक्षातल्या बाईंना सगळे ‘स्मरणपत्रबाई’ म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्यांना ठाऊक होतं. कामच तसं होतं. माणसांवर संशोधन करणाऱ्या प्रत्येकाने दर तीन वर्षांनी संशोधन नीतीचं प्रशिक्षण घ्यायचं, संगणकावर वीस प्रश्नांची परीक्षा द्यायची आणि प्रमाणपत्र बाईंकडे पाठवायचं. प्रमाणपत्र नाही, तर प्रस्ताव जागचा हलत नसे. मोठमोठे विद्वान या वीस प्रश्नांना असे टाळत, जणू दात काढायलाच बोलावलंय. बाई पहिलं पत्र गोड लिहीत, दुसरं सरळ आणि तिसऱ्याची प्रत कुलगुरूंना. त्यांचा नवरा म्हणे, ही भाजी आणायला सांगते तीसुद्धा मुदत घालून.

या टाळणाऱ्यांत सगळ्यांत चिवट होते पाठीचे सर. बसून काम करणाऱ्यांची पाठ का दुखते, यात त्यांची तीस वर्षं गेली होती. स्वतः मात्र पोक काढून बसत. सध्या त्यांनी संशोधन कक्षाच्या मजल्यावरच्या एकतीस कर्मचाऱ्यांच्या कमरेला पट्टे बांधले होते. कोण किती वाकतं, किती वेळ बसतं, सगळं त्यात मोजलं जाई. एक पट्टा बाईंच्याही कमरेला होता. सरांच्या प्रमाणपत्राची मुदत संपली, पुढच्या टप्प्याचा प्रस्ताव अडला, चार पत्रं गेली. उत्तरादाखल शिपायाबरोबर निरोप यायचा, की या वयात आम्हाला कसली नीती शिकवता.

आणि एका मंगळवारी प्रमाणपत्र आलं. वीसपैकी वीस गुण. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. अकरा वर्षांत एकाही प्राध्यापकाला पैकीच्या पैकी पडले नव्हते. शिवाय परीक्षेची वेळ होती सोमवारी सकाळी साडेअकराची. तेव्हा तर सर सभागृहात भाषण करत होते आणि बाई दुसऱ्या रांगेत जांभया दाबत बसल्या होत्या.

त्यांनी सरांच्या खोलीत जाऊन सरळच विचारलं. सर कबूल झाले. परीक्षा त्यांच्या बायकोने दिली होती. ती निवृत्त नर्स. चहाला उकळी येईस्तोवर सोडवून मोकळी झाली म्हणे.

“वहिनींना माझ्याकडून शाबासकी द्या,” बाई म्हणाल्या. “आता तुम्ही बसा. माझ्या टेबलाशी.”

नीतीच्याच परीक्षेत कॉपी पकडली गेली होती. सर बसले. प्रत्येक प्रश्नाशी वाद घालत नवव्यावर आले. हाताखालच्या माणसाने दिलेली संमती मोकळ्या मनाची मानावी का? सही केली म्हणजे झालं की, असं पुटपुटत त्यांनी उत्तर दिलं आणि पडद्यावर लाल फुली आली.

“हे चूक कसं?”

बाईंनी हातातली फाइल बाजूला ठेवली. “उत्तरं सांगायची मला परवानगी नाही, सर. पण हा पट्टा दिलात तेव्हा तुम्ही आमच्या कक्षाचेही प्रमुख होतात. माझा रजेचा अर्ज तुमच्यापुढे पडला होता. त्याच्याच शेजारी तुम्ही संमतीपत्र ठेवलंत आणि पेन पुढे केलंत.”

“मग नाही म्हणायचं.”

“नाही म्हणता येतं, हे कुणी सांगितलं होतं?”

गेले चार महिने पट्टा काचतो, हेही बाईंनी सांगितलं; तक्रार म्हणून नव्हे, उकाड्याबद्दल बोलावं तसं. सरांना तेच जास्त लागलं.

पहिल्या खेपेला बारा गुण पडले, दुसऱ्या खेपेला सोळा, म्हणजे काठावर पास. सुटले.

दुसऱ्या दिवशी ते नवी संमतीपत्रं घेऊन टेबलाटेबलाशी फिरले. नाही म्हटलंत तरी हरकत नाही, असं म्हणत. पण चेहरा इतका पडलेला, की टायपिस्टने उलट त्यांचीच समजूत घातली. नऊ जणांनी पट्टे परत केले. पहिला शिपाई, त्याने तर सर यायच्या आधीच काढून ठेवला होता. काहींनी आपण होऊन कमरेवरच राहू दिला. आमच्या पाठीची चौकशी दुसरं करतंय कोण, असं त्यांचं म्हणणं.

बाईंनी कागद दोन्ही बाजूंनी सावकाश वाचला आणि नाही म्हणाल्या. सरांनी वाद घातला तर द्यायला तीन उत्तरं त्यांनी रात्रीच जुळवली होती. सर नुसतं “बरं” म्हणाले आणि पट्टा घेऊन गेले. तिन्ही उत्तरं फुकट गेल्याचं बाईंना जरा वाईटच वाटलं. मग त्या, मोजणारं काही कमरेला नसताना, खुर्चीतून वाकल्या, कपाटाचा सगळ्यांत खालचा खण ओढला आणि जेवणाची सुट्टी होईपर्यंत त्यातल्या फायली लावत बसल्या.